खारूची साक्ष

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,
येशूच्या नावात सलाम.

अक्षर बघून दचकली असशील. तू समुद्रापार गेलीस त्याला बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी पाचसहा पत्रं लिहिली असतील, तीसुद्धा 'इकडे सर्व ठीक' एवढीच. आज काम पडलं म्हणून लिहितेय याची लाज वाटते. पण तू आमच्याच घरात वाढलीस, आपण एका ताटात जेवलो. मावसबहिणीजवळ नाही मागायचं तर कोणाजवळ?

आमची लेक आता आठ वर्षांची झाली. भिंतीवर, झाडावर, चर्चच्या छपरावर सरसर चढते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. तिचा वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत फाटलेला आहे, टाळूलाही फट आहे. पाणी प्यायली की नाकातून येतं. तिचं बोलणं मला सगळं कळतं, ह्यांना निम्मं, बाकीच्यांना काहीच नाही. शाळेतली मुलं तिला 'ससा' म्हणतात. परवा तिने घरातल्या आरशाला चुना फासला. विचारलं तर म्हणाली, भिंत रंगवत होते.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात आम्ही दोनदा नाव लावलं. दोन्ही वेळा आमची पाळी येईपर्यंत डॉक्टर बदलून गेले.

तुझ्या सासऱ्यांचं मिशन आमच्यासारख्या अकरा खेड्यांतली चर्च सांभाळतं. आम्ही राहतो ते पाळकाचं घर, शाळेचं छप्पर, सगळं त्यांचंच. मोठ्या साहेबांना आपली भाषा येत नाही आणि आम्हा सगळ्यांची पत्रं तूच त्यांना वाचून सांगतेस, असं हे म्हणतात. तर एवढं एक माझ्यातर्फे वाचून दाखव. ह्यांना मागायला संकोच वाटतो. मला नाही वाटत. मी आई आहे.

तुझी,
धाकटी

२ मार्च

धाकटे,

अगं, किती आढेवेढे! सरळ 'ताई, पोरीला बरं कर' म्हणायचं की.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळे होते: मामंजी, आमचे हे, दोघे दीर आणि त्यांच्या बायका. त्या दोघींपैकी एक पियानो वाजवते, दुसरी मिशनचं मासिक काढते. मी पाकिटं चिकटवते! बारा वर्षं चिकटवतेय, जिभेला आता डिंकाशिवाय चव लागत नाही. तर मी आरशाची गोष्ट सांगितली आणि मामंजींनी चमचा खाली ठेवला. धाकटे, या घरात मी बोलत असताना चमचा कधी खाली ठेवला गेला नव्हता.

ठरलं. जूनमध्ये आमचं डॉक्टरांचं पथक तिकडे येतंय. परतताना एक नर्स खारूला घेऊन येईल. इथे उत्तम सर्जन आहे, मामंजींच्या चर्चमधलाच. शस्त्रक्रिया, मग महिनाभर विश्रांती, आणि ऑगस्टअखेर पोर तुझ्या दारात.

सोबत एक कागद आहे, इकडच्या भाषेत. पासपोर्ट आणि इस्पितळ यांच्यासाठी लागतो, बाकी काही नाही. जिथे पेन्सिलची फुली आहे तिथे दोघांनी सह्या करा. पाळकसाहेबांना म्हणावं, फार विचार करू नका.

तुझी,
ताई

२० जून

प्रिय ताई,
सलाम.

आज सकाळी खारू गेली. नर्सबाई चांगल्या वाटल्या. गाडीत बसताना खारू रडली नाही, उलट मला म्हणाली, मी परत येईन तेव्हा तू मला ओळखणार नाहीस.

दोन झगे दिलेत. पिवळा नवा आहे, मी शिवलाय, बाहेर जाताना तोच घाल. तिला घास लहान द्यावे लागतात आणि पाण्याबरोबर नाही, नंतर पाणी. ठसका लागला तर पाठीत मारू नकोस, मान खाली कर. तिचं बोलणं सुरुवातीला कळणार नाही. घाई केलीस की ती गप्प होते, मग दोन दोन दिवस बोलत नाही. समोर बसून, तिच्या तोंडाकडे न बघता ऐक. डोळ्यांकडे बघ.

तिला विचारलं, तिकडे किती दिवस राहायचं माहीत आहे का? तिने बोटं मोजली. दोन महिने म्हणजे साठ बोटं हे तिला पटेना.

ह्यांनी रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं.

तुझी,
धाकटी

३० जुलै

धाकटे,

पोर सुखरूप आहे, खातेपिते, चढायला झाडं नाहीत म्हणून जिन्याच्या कठड्यावर चढते. जाऊबाईंचा जीव घाबरतो, मला हसू येतं.

एक छान गोष्ट झाली. मागच्या रविवारी मामंजींनी तिला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं. तीनशे माणसं. म्हणाले, बाळ, तुला काय सांगायचंय ते सांग. ती तिच्या नाकातल्या आवाजात काहीतरी बोलली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी उभी राहून तिचं म्हणणं इकडच्या भाषेत सांगितलं. लोक रडले, धाकटे! पहिल्या बाकावरचा तो दगडासारखा बँकवाला म्हातारा, तोसुद्धा. बाहेर आल्यावर बायका माझे हात धरून उभ्या होत्या. मामंजी गाडीत म्हणाले, 'आपल्याला इतकी वर्षं जे सांगता येत नव्हतं, ते या दोघींनी सांगितलं.' या दोघींनी!

आता शस्त्रक्रियेचं. सर्जन म्हणतात वजन थोडं वाढू दे. घाईत केलं आणि टाके उसवले तर? तर ऑगस्टचं सप्टेंबर-ऑक्टोबर होईल. एवढी वर्षं थांबलात, अजून थोडं.

ताई

१० सप्टेंबर

प्रिय ताई,
सलाम.

पत्र वाचून आनंद झाला. सगळ्यांना दाखवलं. पण वजनाचं मला समजलं नाही. तुमच्याच पथकातल्या डॉक्टरांनी जूनमध्ये तिला तपासलं होतं, ते म्हणाले होते की वजन बरोबर आहे, उद्या टेबलावर घेता येईल. आमच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सिस्टरही तेच म्हणतात. त्यांनी पंधरा वर्षं तुमच्याच देशातल्या इस्पितळात काढलीत, त्यांना यातलं कळतं.

इथे शाळा सुरू आहे. बाई रोज हजेरीत तिचं नाव घेतात आणि रोज कोणीतरी 'परदेशात' म्हणून ओरडतं.

तिचं एखादं पत्र पाठव. तिला लिहिता येतं. चित्र काढलं तरी चालेल. तिने तीनशे माणसांसमोर काय सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मला ऐकायचं होतं.

चार पत्रं तिला वेगळी पाठवली होती, तुझ्या पत्त्यावर. मिळाली ना?

तुझी,
धाकटी

१५ नोव्हेंबर

धाकटे,

इतक्या शंका कसल्या? माणसाने उपकार करावे तरी कसे तुमच्यासारख्यांवर?

मिळाली तुझी चारही पत्रं. पहिलं तिला दिलं. त्यानंतर ती दोन दिवस जेवली नाही. मग बाकीची मी ठेवून दिली, तिच्याच भल्यासाठी. तूही आता तिला लिहू नकोस. मला लिही, मी सांगेन.

आम्ही सध्या फिरतीवर आहोत. मी, हे, आणि खारू. नऊ आठवड्यांत एकवीस गावं. दर गावी नवं चर्च, नवी खोली, पुन्हा सामान बांधायचं. ती आता इतकी तयार झाली आहे की मला तिच्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. कुठे थांबायचं हे तिला कळतं. परवा एका सभेत ती बोलता बोलता बरोब्बर माझ्या वाक्याशी येऊन थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीच चकित!

शस्त्रक्रियेचं एवढं काय धरून बसलीस? मोकळेपणाने सांगते, कोणाला बोलू नकोस. मामंजींचं म्हणणं पडलं की फिरती संपेपर्यंत थांबावं. लोक ज्या चेहऱ्याकडे बघून येतात तो बदलून कसं चालेल? त्या एका ओठावर तुमच्या अकराही चर्चचं पुढचं वर्ष उभं आहे, ते डोक्यात ठेव. तिला काही दुखत नाही. आठ वर्षं दुखलं नाही ते आता काय दुखणार?

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

मागच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी आमच्या चर्चला एक व्हिडिओ कॅसेट पाठवली. मला वाटतं तुला न विचारता पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमची मुलगी काय काम करते आहे ते सर्व मंडळीने पाहावं.

रविवारी उपासनेनंतर शाळेतला टीव्ही चर्चमध्ये आणला. खिडक्यांना चटया लावल्या. सगळी मंडळी होती, लेकरांसकट. मी पहिल्या बाकावर बसले. सगळ्यांनी मला ढकलून पुढे बसवलं, तुझी पोर म्हणून.

खारू दिसली. तिच्या अंगात फाटका झगा होता. खांद्यावर उसवलेला, खाली चिंधी लोंबणारा. तो मी दिलेला नाही. मी दिलेला पिवळा कुठे आहे?

मग ती बोलली. आवाज नीट नव्हता, पण मला कळणारच. तुला काय वाटलं, मी कधी ऐकणार नाही? ती म्हणत होती: 'आई, ही ताईमावशी म्हणते आणखी दहा गावं झाली की घरी. मी दहा मोजली. मग परत दहा म्हणाली. आई, मला ने.'

आणि शेजारी तू उभी. चांगली साडी, केस मागे घट्ट बांधलेले. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या भाषेत बोलायला लागलीस. समोरची माणसं रुमाल काढायला लागली.

मागच्या बाकावरून सिस्टर उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, 'बंद करा.' कोणी ऐकेना. मग त्या म्हणाल्या, 'तिने काय सांगितलं ते मी सांगू का?' लोक म्हणाले, सांगा सांगा. सगळ्यांना वाटलं काही चांगलं असेल. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मीही म्हटलं, सांगा.

त्या म्हणाल्या, ती बाई म्हणते: 'ही मुलगी सांगते आहे, माझं तोंड बघून माझ्या आईने मला चर्चच्या दारात टाकून दिलं. आता तुम्हीच माझे आईबाप.'

ताई, मंडळीतलं कोणी माझ्याकडे बघेना. जिने तिच्या जन्माच्या वेळी माझा हात धरला होता ती सुईणसुद्धा जमिनीकडे बघत होती. टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते.

माझी पोर परत पाठव. ओठ राहू दे. तसाच ओठ घेऊन पाठव.

धाकटी

२५ मार्च

धाकटे,

ती कॅसेट तिकडे यायची नव्हती. आली ते एका परीने बरं झालं. आता गोड बोलायची गरज उरली नाही.

पहिल्या सभेत लोकांनी विचारलं, हिचे आईवडील कुठे आहेत? मी खरं सांगणार होते. पण आधीच तोंडातून निघून गेलं, हिला टाकलंय. आणि तीनशे माणसं गप्प झाली. माझ्यासाठी. या घरात बारा वर्षं मी खोलीत आले तरी कोणी मान वळवत नव्हतं. ते एकदा चाखल्यावर दुसऱ्या सभेत शब्द मागे कसे घेणार होते?

आणि फाटक्या झग्याचं म्हणशील, तर फाटकं घालून लोकांपुढे उभं राहणं काय असतं, ते मला कोणी शिकवलं? माझी आई गेल्यावर तुझ्या आईने मला घरात घेतलं, गावभर वाहवा झाली. पाहुणे आले की मला हाक मारायची, 'ये गं, ही माझ्या बहिणीची अनाथ पोर.' आणि मला तुझा जुना, मला आखूड होणारा फाटका झगा घालून उभं करायची, घरात नवा असताना. पाहुणे हळहळायचे. ते गेले की मी भांडी घासायची आणि तू अभ्यास करायचीस. आणि म्हणे एका ताटात जेवलो! तू जेवून उठलीस की त्या ताटात मी जेवायची. तू कधी मागे वळून पाहिलंस?

आता नीट ऐक. तू सही केलेला कागद पासपोर्टचा नव्हता. त्यावर लिहिलंय की मुलीचा सांभाळ तुम्ही मिशनकडे सोपवला आहे, मुदत न घालता. पाळकसाहेब जास्त बोलले तर पाळकाचं घर दुसऱ्या पाळकाला देता येतं. अकरा चर्च आहेत. माणसं मिळतात.

तुझी पत्रं या घरात फक्त मला वाचता येतात हे विसरू नकोस. हे शेवटचं मी मामंजींना असं वाचून दाखवलं: 'पोरीला पाहून आनंदाश्रू आले, तिला तिकडेच राहू द्या.' त्यांनी डोळे पुसले.

ताई

१२ एप्रिल

आदरणीय मोठे साहेब,
येशूच्या नावात सलाम.

मी आपल्या सातव्या चर्चचा पाळक आहे. हे पत्र मी आमच्या भाषेत लिहिलं आहे आणि प्रत्येक ओळीखाली आमच्या सिस्टरांनी ती आपल्या भाषेत उतरवली आहे. आपण ते आपल्या सूनबाईंना वाचायला न देता स्वतः वाचावं, अशी हात जोडून विनंती.

आम्ही आमच्या मुलीला टाकलं नाही. ती शस्त्रक्रियेसाठी दोन महिन्यांकरता आली होती. कॅसेटमध्ये ती घरी जायचं म्हणते आहे. सूनबाईंनी दुसरंच सांगितलं. त्यांचं पत्र आणि माझ्या पत्नीने त्यांना लिहिलेल्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे, दोन्ही सिस्टरांनी उतरवून.

मी आपल्याला दोष देत नाही. आपण फसवले गेलात. आपण प्रार्थना करणारे गृहस्थ आहात, आपणास खरं कळलं की आपण एक दिवसही थांबणार नाही याची मला खात्री आहे.

आपला नम्र,
पाळक

२० मे
(मोठ्या साहेबांचं पत्र, सिस्टरांनी आमच्या भाषेत उतरवलेलं)

प्रिय बंधू,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि गुडघ्यावर पडलो. सूनबाईंना बोलावून विचारलं. त्यांनी सारं कबूल केलं. आमच्या कुटुंबात फार अश्रू वाहिले. आम्ही त्यांना क्षमा केली आहे, तुम्हीही कराल.

मुलीची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होईल. सर्जन म्हणतात, अडचण काहीच नव्हती.

आता एका भावाने दुसऱ्या भावाशी बोलावं तसं बोलतो. हे मिशन माझ्या वडिलांनी आमच्या मोटारीच्या शेडमध्ये सुरू केलं. आज हजारो घरांत लोक तुमच्या मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करतात. उद्या त्यांना कळलं की ती साक्ष खोटी होती, तर ते फक्त आमच्यापासून दूर जाणार नाहीत, देवापासून दूर जातील. ते ओझं तुम्ही घेणार का? बाकीच्या दहा चर्चमधल्या तुमच्या बंधूंचं काय?

मी वाट काढली आहे. माझा मुलगा खारूला घेऊन येईल आणि बरोबर कॅमेरा आणेल. तुम्ही दोघांनी चर्चच्या दारात उभं राहून एवढंच म्हणायचं: आम्ही दुबळे होतो, आम्ही हिला इथेच टाकलं, मिशनच्या प्रेमामुळे आमची मनं पालटली, आज आम्ही हिला परत घेतो. म्हणजे साक्ष पूर्ण होईल, आणि कोणालाच ठेच लागणार नाही.

तुमचं मन तयार नसेल तर सध्याची व्यवस्था पुढे चालू राहील. कागद आमच्याकडे आहे.

प्रभूत तुमचा,
थोरला बंधू

५ सप्टेंबर

ताई,

खारू घरी आहे.

तुला लिहायचं नव्हतं. पण ज्या बाईने हे केलं तिला त्याचा शेवट माहीत असू नये, हेही मला सहन होत नाही.

मोठ्या साहेबांचं पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, 'मी असं म्हणणार नाही. वीस वर्षं त्या दारात उभा राहून मी लोकांना खरं बोला म्हणतोय.' मी म्हटलं, 'मग नका म्हणू. मी म्हणते. आईनेच टाकली म्हणू, बापाला माहीत नव्हतं. ते आणखी पटेल.' ह्यांनी पत्राची घडी केली. मग म्हणाले, 'तू म्हण.' एवढंच. ताई, त्यांनी मला थांबवलं असतं तर मी थांबले नसते, पण थांबवायला हवं होतं.

तुझे यजमान आले. गाडी झाडाखाली उभी केली आणि खारूला आतच बसायला सांगितलं, शेवटी धावत यायचं म्हणून. काचा खाली होत्या. मला वाटलं तिला ऐकू जाणार नाही. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, 'हिचं तोंड बघून मला लाज वाटली. मी हिला या पायरीवर ठेवलं आणि निघून गेले.' तुझे यजमान खुणेने म्हणाले, पुन्हा. ऊन तोंडावर येत होतं. दुसऱ्यांदा म्हटलं. मग कोणाचीतरी बकरी मध्ये आली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला रडू आलं. ते खूश झाले.

मग खारू आली. धावत नाही, चालत. ओठ शिवलेला, सुंदर शिवलाय, फक्त एक बारीक रेघ. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, हात कधी पसरायचे ते कळावं म्हणून.

तिचं बोलणं आता सगळ्यांना कळतं. पण ती बोलत नाही. पाणी प्यायचं तर विचारते, 'पिऊ का?' रोज सकाळी अंथरुणाची घडी करते, कपडे पिशवीत भरते आणि पिशवी दाराशी ठेवते. मी पिशवी रिकामी करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली.

मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. मी तुला टाकलं नव्हतं, तुला परत आणायला तसं म्हणावं लागलं. तिने डोळ्यांत बघून शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, 'चालेल. मी रागावले नाही. मी तुला क्षमा केली आहे.' हे वाक्य तिला तिकडे कोणी शिकवलं ते तूच सांग.

ती नवी फिल्म मागच्या रविवारी अकराही चर्चमध्ये दाखवली. आमच्याकडेही. दाखवू नये असं म्हणायला कोणी उभं राहिलं नाही. सिस्टर त्या दिवशी आल्याच नाहीत.

धाकटी

१० ऑक्टोबर

धाकटे,

झालं गेलं. पोर मिळाली, ओठ मिळाला, घर आहे, नोकरी आहे. एवढं सगळ्यांना मिळत नाही.

माझ्याबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. पाकिटं चिकटवायला आता दुसरी बाई ठेवली आहे. फिल्मला इकडे फार यश आलं. सगळ्यांत जास्त रडू तुझ्या वाटेला आलं, बरं का. तिसऱ्यांदा घेतलेलंच ठेवलंय.

मामंजींना आता दुसरं लेकरू हवं आहे. दहाव्या चर्चमध्ये झाडलोट करणारी एक विधवा आहे, तिच्या सहा वर्षांच्या मुलाचा हात भाजून मुठीसारखा आखडलाय. कागद तिच्याकडे पाठवला आहे, पण बाई कां-कूं करतेय. तू जाऊन तिला दोन शब्द सांग. तुझं ती ऐकेल. तू स्वतः आई आहेस आणि तुझी पोर परत आलेली सगळ्यांनी पाहिली आहे.

नाही गेलीस तरी हरकत नाही. फक्त मामंजींना काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

ताई

३ नोव्हेंबर

ताई,

गेले होते. खारूलाही नेलं. तिला घरी एकटी ठेवत नाही.

तुझ्या मामंजींना काय हवं ते सांग. मी तिला सावध करायला गेले होते. वाटेत बसमध्ये सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. ती बाई चर्चमध्ये बाकं पुसत होती, मुलगा पायरीवर एका हाताने भोवरा फिरवत होता. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कागदावर खरं काय लिहिलंय ते. लांबवलेली शस्त्रक्रिया. फाटका झगा. तू काय सांगत होतीस आणि माझी पोर काय सांगत होती ते.

तिने फडकं खाली ठेवून ऐकलं. माझं झाल्यावर म्हणाली, 'बाई, राग मानू नका. फिल्म मी दोनदा पाहिली. तुम्ही पायरीवर उभ्या राहून सांगितलंत की मी पोरीला टाकली.'

मी म्हटलं, 'ते खोटं होतं. तसं म्हणायला लावलं.'

'मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?'

खरं उत्तर होतं, तेव्हा. पण ते ऐकायलाच खोटं वाटत होतं.

ती म्हणाली, 'त्या लोकांनी तुमची टाकलेली पोर उचलली, सांभाळली, नवा ओठ देऊन परत आणून दिली. आणि आता माझ्या पोराचा हात बरा होतोय म्हणून तुमच्या पोटात दुखतं? पाळकाच्या बायकोने असं करावं?'

मी म्हटलं, 'माझ्यावर विश्वास ठेवू नका. पोरीला विचारा. ती तिथे होती.'

ताई, हे मी म्हटलं. मीच म्हटलं.

त्या बाईने खारूला हाक मारली. म्हणाली, 'तू सांग गं बाळा, न घाबरता. काय झालं होतं?'

खारू बाकाच्या पुढे जाऊन उभी राहिली. पाय जुळवले, हात पुढे बांधले. आणि स्वच्छ आवाजात, आपल्या भाषेत, एकही अक्षर न अडखळता तिने सांगायला सुरुवात केली. माझं तोंड बघून माझ्या आईने मला चर्चच्या दारात टाकून दिलं. मी मध्ये म्हटलं, 'खारू, तसं नाही, तुला आठवतं ते सांग.' तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं मी चुकून बोलले. ती थांबली नाही. मग एका जागी थांबली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते गालांवर तसंच येऊ दिलं, आणि पुढे सांगू लागली.

त्या बाईचेही डोळे भरले. तिने उठून खारूला पोटाशी धरलं. तिच्या डोक्यावरून मला म्हणाली, 'तुम्ही जरा बाहेर थांबा.'

मी बाहेर थांबले. चोवीस तारखेला तिचा मुलगा निघतोय.